जत्रेचं दारूकाम: अर्जापासून विझलेल्या नळ्यांपर्यंत

तुळशीचं लग्न लागलं की गोव्यात जत्रा-काल्यांचा मोसम सुरू होतो, तो थेट वैशाखापर्यंत. देवस्थान समितीच्या बैठकीत नाटक कोणतं ठेवायचं, माटव कोण घालणार, फेरीवाल्यांच्या जागांची पावणी (लिलाव) कधी, यावर तास-तास चर्चा होते. दारूकामाचा, म्हणजे फटाक्यांच्या आतषबाजीचा, विषय मात्र ‘गेल्या वर्षीच्याच माणसाला सांगा’ एवढ्यावर संपतो. मग जत्रेच्या आदल्या दिवशी पोलीस स्टेशनवरून फोन येतो, दारूकामाचा परवाना घेऊन या म्हणून, आणि सचिव माईकचा कागद घेऊन धावतात. तो कागद इथं चालत नाही. दोन्हींचे नियम वेगळे, वेळ वेगळी आणि जबाबदारीही वेगळी.

खाली सगळा क्रम दिला आहे. डोळ्यांसमोर गावची जत्रा आहे, पण चर्चच्या फेस्ताला किंवा क्लबाच्या वर्धापनदिनाला जाहीर दारूकाम करणाऱ्यांनाही तो लागू पडेल.

पत्रिका छापण्याआधी घड्याळ बघा

सगळ्या परवानग्यांचं मूळ वेळेत आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे. 2010 मध्ये त्यांत 5अ हा नियम आला आणि रात्रीच्या वेळी व शांतता क्षेत्रात आवाजाचे फटाके वाजवायला बंदी झाली. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. सर्वोच्च न्यायालयाने हीच वेळमर्यादा जुलै 2005 च्या निकालात आधीच घालून दिली होती.

आता घोळ कुठं होतो ते बघा. याच नियमांत राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 10 ते 12 सवलत देता येते. समितीतला कोणीतरी ते वाचून येतो आणि ‘आपल्याला बारापर्यंत मुभा आहे’ असं सांगतो. मुभा आहे ती ध्वनिक्षेपकाला. नाटकाचा माईक बारापर्यंत चालू ठेवायची परवानगी मिळाली म्हणून पावणेबाराला गरनाळ (मोठ्या आवाजाचा दारूचा बार) उडवता येत नाही. फटाक्यांचा नियम वेगळा आहे आणि त्यात ही सवलत नाही.

23 ऑक्टोबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणखी पुढे जातो. दिवाळीत आणि फटाके उडवले जातात अशा इतर सणांत रात्री 8 ते 10 एवढीच वेळ. नाताळ आणि नववर्षाच्या पूर्वसंध्येला 11.55 ते 12.30. हद्दीत आदेश मोडला तर त्या पोलीस स्टेशनचा प्रमुख व्यक्तिशः जबाबदार, असंही त्यात लिहिलं आहे. निरीक्षक पूर्वीसारखे ‘चालू द्या’ म्हणत नाहीत त्याचं कारण हे. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही.

अडचण अशी की आपल्याकडे देव रथात बसतो मध्यरात्री उलटून गेल्यावर, आणि प्रथेनं दारूकाम त्याच क्षणी होतं. यातून वाट काढायची तर पुरोहित, मानकरी आणि महाजनांशी पत्रिका छापायच्या आधी बोलावं लागतं. दिवजोत्सव (बायकांनी दिवे घेऊन देवाला ओवाळण्याचा सोहळा) सातच्या सुमारास असेल तर तो आटोपल्यावर साडेआठ ते सव्वानऊ ही दारूकामाची उत्तम वेळ. गर्दी तेव्हाच सगळ्यात जास्त असते, मुलं जागी असतात, वारा बहुधा पडलेला असतो. रथाच्या वेळी ढोल-ताशे आणि पणत्या पुरतात. काही मानकरी नाराज होतील. मला विचाराल तर एक वर्ष नाराजी सोसावी; दुसऱ्या वर्षी कोणी विषय काढत नाही. सव्वानऊची वेळ धरण्यात आणखी एक हिशोब आहे: कार्यक्रम अर्धा तास तरी मागे पडतोच.

नरकासुराचं गणित आणखी अवघड. आपण तो पहाटे चार-पाचला जाळतो, म्हणजे नियमानं रात्रीच. पोटात बॉम्ब भरलेला नरकासुर पाचला पेटवला की 5अ मोडला. 2018 मध्ये तमिळनाडूसारख्या पहाटे दिवाळी करणाऱ्या राज्यांसाठी न्यायालयाने वेळ बदलायला वाव दिला, पण एकूण दोन तासांची मर्यादा ठेवली; तमिळनाडूने सकाळी 6 ते 7 आणि संध्याकाळी 7 ते 8 अशी विभागणी केली. आपल्याकडे त्या वर्षीचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश काय म्हणतो ते बघूनच ठरवा. सोपा मार्ग म्हणजे नरकासुराच्या पोटात नुसतं गवत आणि कागद भरायचा. जळतो तोही झकास, आणि लोखंडी सांगाडा उचलताना आत न फुटलेलं काही राहिलं असेल ही भीती उरत नाही.

जागा

देवळाचं प्रांगण ही दारूकामाची जागा नव्हे. माडाच्या चुडतांचा नाहीतर कापडी माटव (मांडव), खाज्याच्या दुकानातल्या कढया, चहाच्या ठेल्यावरचा सिलिंडर, हे सगळं तिथंच असतं. मोकळं शेत बघा. कार्तिक-मार्गशीर्षात कापणी झालेली असते, जमीन सुकलेली असते. फेब्रुवारीनंतरची जत्रा असेल तर डोंगराच्या कडेची जागा टाळा. वाळलेलं गवत आणि खाली पडलेला काजूचा पाला एका ठिणगीनं पेटतो, आणि ऐन काजूच्या हंगामात कुणाची बागायत जळाली तर समितीला गावात तोंड दाखवणं कठीण होईल.

अंतर किती? अमेरिकेत जाहीर दारूकामासाठी एक आडाखा वापरतात, तो समजायला सोपा आहे: नळ्यातून वर उडणाऱ्या गोळ्याचा व्यास जितके इंच, तितक्या वेळा 70 फूट प्रेक्षक दूर. म्हणजे 3 इंची गोळ्याला 210 फूट, साधारण 64 मीटर. केरळात देवळांच्या दारूकामात गर्दी 100 मीटरवर ठेवायची अट असते. तुमच्या परवान्यात जे अंतर लिहिलेलं असेल तेच बंधनकारक, पण जागा शोधताना 100 मीटर धरून चाललात तर ऐनवेळी फजिती होत नाही. एवढी जागा मिळत नसेल तर गोळे सोडून द्या आणि जमिनीवरचे भुईनळे, चक्रं, धबधबे यांवर भागवा. लहान गावाला तेच शोभतंही.

मग वर बघा: विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, माडांची शेंडी. आजूबाजूला बघा: गोठा, गवताची उडवी, पेट्रोल पंप. शाळा, इस्पितळ आणि न्यायालयाभोवतीचं 100 मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र धरलं जातं. 2017 च्या दुरुस्तीनंतर असं क्षेत्र सरकारनं अधिसूचित केलेलं असावं लागतं. पण देवळाला लागून सरकारी प्राथमिक शाळा असलेली गावं आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा वाद घालण्यापेक्षा नळे शाळेपासून लांब नेलेले बरे. मोर्जी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. मोपा आणि दाबोळीच्या आसपासच्या गावांनी उंच जाणाऱ्या गोळ्यांबद्दल विमानतळाकडेही विचारणा करावी.

जमीन कोणाची, हा शेवटचा पण गोव्यात हमखास अडकवणारा प्रश्न. देवस्थानाची असेल तर समितीचा ठराव पुरतो. कोमुनिदादची (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर तिचं पत्र लागतं, भाटकाराची (जमीनमालकाची) असेल तर त्याचं, आणि कूळ कसत असेल तर त्याचीही लेखी संमती घेऊन ठेवा.

कागद

जत्रेच्या दीड महिना आधी सुरुवात करा. पहिला कागद समितीच्या ठरावाचा. त्यात दारूकामाची तारीख, वेळ, जागा आणि जबाबदार व्यक्तीचं नाव हवं. ‘समिती जबाबदार राहील’ असं मोघम लिहू नका. एक माणूस ठरवा, शक्यतो जत्रेच्या इतर कामांत नसलेला. अध्यक्षांना या कामाला लावू नये. त्या रात्री त्यांना पाहुण्यांच्या स्वागतातून सवड नसते.

मुख्य परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून, जिल्हा दंडाधिकारी या नात्यानं. आधार स्फोटक कायदा 1884 आणि स्फोटक नियम 2008 यांचा. या विषयावरची केंद्राची संस्था म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. मुख्यालय नागपूरला, बोलताना सगळे ‘पेसो’ म्हणतात. जिल्हाधिकारी तुमचा अर्ज पोलीस, अग्निशमन दल आणि मामलेदारांकडे अभिप्रायासाठी पाठवतात. इथं फाईल रेंगाळते. म्हणून अर्ज दिला त्याच दिवशी त्याच्या प्रती पोलीस स्टेशन, जवळचं अग्निशमन केंद्र आणि मामलेदार कार्यालयात देऊन पोच घ्या. पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ना हरकत दाखला वेगळा. पंचायतीची बैठक पंधरवड्यातून होते हे धरून अर्ज वेळेत टाका, नाहीतर सरपंच म्हणतील ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ आणि तोवर जत्रा होऊन जाईल.

अर्जाचा मजकूर साधा ठेवा. असा:

‘आमच्या देवस्थानचा वार्षिक जत्रोत्सव अमुक तारखेला आहे. त्या दिवशी रात्री 8.30 ते 9.15 या वेळेत सर्व्हे क्रमांक अमुक या जागेत दारूकाम करण्याचं योजिलं आहे. जागेचा नकाशा जोडला आहे. काम अमुक परवानाधारक करणार असून त्याच्या परवान्याची प्रत जोडली आहे. वापरायच्या मालाची यादी, वजनासह, जोडली आहे. समितीतर्फे अमुक व्यक्ती जबाबदार असून त्यांचा दूरध्वनी क्रमांक खाली दिला आहे. दारूकाम 9.15 ला बंद केलं जाईल.’

शेवटचं वाक्य वगळू नका. अधिकारी तेच आधी वाचतो.

नकाशा कोणा वास्तुविशारदाकडून काढून घ्यायची गरज नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याबरोबर मिळणारा सर्व्हेचा नकाशा घ्या आणि त्यावर लाल पेनानं दाखवा: नळे कुठं, गर्दीची दोरी कुठं, मालाची पेटी कुठं, अग्निशमन बंब कुठून आत येणार आणि रुग्णवाहिका कुठून बाहेर जाणार. प्रत्येक दोन गोष्टींमधलं अंतर मीटरमध्ये लिहा आणि ते टेपनं मोजलेलं असू द्या. अग्निशमनचे जवान जागेवर येतात तेव्हा पहिल्यांदा टेपच काढतात. बंब जागेवर ठेवून हवा असेल तर वेगळा अर्ज आणि शुल्क. डिचोली, वाळपई, फोंडा, पेडणे इथल्या केंद्रांना जत्रांच्या दिवसांत मागणी खूप असते, म्हणून तारीख लवकर कळवा.

माणूस आणि माल

शेजारच्या गावात काम केलं एवढ्यावर दारूकामवाला ठरवू नका. परवाना बघा: कोणाच्या नावानं, किती वजनापर्यंत, मुदत कधीपर्यंत. अठरा वर्षांखालचं कोणीही त्याच्याबरोबर नसावं. कायद्यानं त्यांनी स्फोटकं हाताळायची नाहीत. आणि विमा आहे का ते विचारा. नसेल तर जत्रेपुरता सार्वजनिक दायित्व विमा समितीनंच काढावा. दारूकामाच्या खर्चापुढे त्याचा हप्ता किरकोळ असतो.

मालाबद्दल 2018 च्या आदेशानं बरंच काही ठरवून टाकलं आहे. फक्त हरित फटाके. माळा, म्हणजे एकमेकांना जोडलेले फटाके, बंद. बेरियमचे क्षार बंद. 29 ऑक्टोबर 2021 ला न्यायालयाने ते पुन्हा बजावलं. ऑनलाइन विक्री बंद. हरित फटाक्यांची घडण नागपूरच्याच नीरी या संस्थेनं बसवून दिली. त्यातून धुराचे कण नेहमीच्या फटाक्यांपेक्षा साधारण 30 टक्के कमी निघतात. खोक्यावर संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. कोड मोबाईलवर उघडतो का ते दुकानातच बघा. नुसतं हिरवं चित्र छापलेली खोकी बाजारात भरपूर आहेत.

आवाजाची मर्यादा 1999 पासूनच आहे: फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल, आणि जोडलेल्या फटाक्यांना संख्येनुसार त्याहून कमी. शंभर फटाक्यांच्या माळेला ती 115 वर येत असे. म्हणजे 2018 च्या आधीही आपल्याकडच्या किती माळा नियमात बसत होत्या याचा अंदाज करा.

गावठी गरनाळ किंवा हातानं ठासलेली दारू कोणी आणून दिली तर ती सरळ परत पाठवा, देणारा कितीही जुना मानकरी असो. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचं मिश्रण देशात 1992 पासून बंद आहे, कारण ते नुसत्या घासण्यानं पेटतं. 10 एप्रिल 2016 च्या पहाटे केरळातल्या परवूरच्या पुट्टिंगल देवळात शंभराहून अधिक माणसं गेली. देवळाच्या आवारातच साठा ठेवला होता, ठिणगी त्यावर पडली. त्या दारूकामाला प्रशासनाची परवानगी नव्हती. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रानं जाहीर दारूकामाच्या अटी आणखी कडक केल्या. तेव्हा जुन्या परवान्याची छायाप्रत दाखवून ‘याच अटींवर द्या’ म्हणू नका.

माल आणायचा परवानाधारकाच्या वाहनातून. कदंबच्या बसमधून, प्रवासी रिक्षातून, रेल्वेतून नाही. जत्रेच्या दिवशीच दुपारनंतर आणा आणि देवळाच्या भांडारात, सभागृहात, पुरोहितांच्या खोलीत एक खोकंही ठेवू नका.

त्या रात्री

संध्याकाळी पाच वाजता, उजेड असतानाच, जबाबदार माणसानं जागेवर उभं राहावं. नळे वाळूत नाहीतर मातीत दोन-तृतीयांश पुरलेले हवेत किंवा भक्कम चौकटीत बांधलेले हवेत. हलवून बघा; हलला तर तो गोळा गर्दीकडे जाणार. लोखंडी नळा फुटला तर त्याच्या चिरफळ्या उडतात, म्हणून जाड पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे नळे बरे. मालाची पेटी नळ्यांपासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला, ओल्या गोणपाटानं झाकलेली, आणि तिच्याजवळ एक माणूस ज्याच्या हातात मोबाईल नाही.

दोरी बांधून गर्दी थांबत नाही. दोरीपाशी गावातले चार-पाच दणकट जाणते लोक उभे करा, ज्यांचं पोरं ऐकतात. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावात श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. दारूकामाशी तिचा संबंध नव्हता, पण अरुंद वाट आणि एकदम हललेली गर्दी काय करते ते सगळ्या गोव्यानं पाहिलं. मोठा आवाज झाला की मागची माणसं पुढे आणि पुढची मागे सरकतात. बाहेर जायच्या दोन वाटा मोकळ्या ठेवा आणि त्यांवर एकही फेरीवाला बसू देऊ नका, पावणीत कितीही पैसे मिळोत.

वारा सुटला तर थांबवा. हा निर्णय कोणाचा ते आधीच ठरलेलं असावं आणि माईकवाल्याला ते नाव माहीत असावं, कारण ‘थांबवा’ म्हटल्यावर गर्दीतून ओरडा होतोच.

न फुटलेला गोळा हा सगळ्यात घातक. वात पेटली आणि काहीच झालं नाही, तर नळ्यावर वाकून बघायचं नाही. पुन्हा पेटवायचं नाही. निदान अर्धा तास सोडून द्यायचा, मग लांबून पाणी ओतायचं आणि तो गोळा दारूकामवाल्यानंच काढायचा. सगळं संपल्यावर जागेवर भरपूर पाणी मारा आणि रात्रभर कोणाला तरी राखणीला ठेवा. पहाटे पोरं उरलेले फटाके वेचायला येतात. उजाडल्यावर पूर्ण शेत चालून, कानाकोपरा बघून कचरा उचला. गुरं त्याच शेतात चरायला सुटतात.

फटाक्यांची दुकानं आणि बंद जागा

जत्रेत फटाके विकायला कोणी जागा मागितली तर तात्पुरत्या दुकानाचा परवाना त्याचा त्यानं आणायचा. नियम 84 मधल्या अटी मात्र समितीनं लक्षात ठेवाव्यात: शेड न जळणाऱ्या साहित्याची, दोन शेडमध्ये निदान 3 मीटर, वस्तीपासून किंवा संरक्षित बांधकामापासून 50 मीटर, समोरासमोर तोंड नको, उघडा दिवा नको, आणि 50 मीटरच्या आत दारूकाम नको. चुडतांच्या माटवात फटाक्यांचं दुकान कदापि नको.

सभागृहातल्या लग्नात नवरा-नवरी येताना ठिणग्यांचे फवारे सोडायची नवी टूम आहे. ‘थंड’ म्हणून विकले जाणारे हे फवारेही धातूची भुकटी जाळतात. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफड्यात नाईटक्लबला आग लागून 25 जण मेले. बंद जागेत केलेलं दारूकाम हे त्याचं कारण असल्याचं प्राथमिक चौकशीत पुढे आलं. त्यानंतर उत्तर गोवा प्रशासनानं क्लब, हॉटेलं, शॅक आणि तात्पुरत्या मांडवांत असले प्रकार बंद करणारा आदेश काढला. असे आदेश साधारण दोन महिन्यांचे असतात, म्हणून तुमच्या तारखेला कोणता लागू आहे ते उपजिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. आदेश असो वा नसो, छताखाली ठिणगी नको हे माझं मत.

काही बिनसलंच तर

जखमींसाठी 108, आगीसाठी 101, बाकी सगळ्यासाठी 112. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, तूप, शाई नको. अपघात झाला तर पोलिसांना आणि पेसोला ताबडतोब कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. जागा झाडून साफ करायची घाई करू नका, पंचनामा होईपर्यंत ती तशीच ठेवा.

स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 288 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड मात्र 2024 पासून 10,000 ते 15 लाख रुपये आहे, आणि हा आकडा ऐकल्यावर बैठकीतली कुजबुज बंद होते.

शेजाऱ्यांची तक्रार येण्याआधी त्यांच्याकडे जा. आठवडाभर आधी आसपासच्या घरांत वेळ सांगून या; आजारी माणूस, तान्हं मूल, कुत्री-मांजरं असलेली घरं नोंदवून ठेवा. दहानंतर आवाज आला तर त्यांनी कुणाला फोन करावा हेही त्यांना सांगा, जबाबदार माणसाचा नंबर देऊन. तुमच्याकडे फोन आला तर पाच मिनिटांत मिटतं, 112 वर गेला तर गाडी येते. पर्वरीच्या उच्च न्यायालयात रात्रीच्या आवाजावरून याचिका होत आल्या आहेत, आणि तिथं समितीच्या पोच घेतलेल्या प्रती, मोजमापाचा नकाशा, मालाची बिलं आणि दारूकाम कधी सुरू झालं, कधी संपलं याची सह्यांनिशी नोंद एवढ्याच गोष्टी कामाला येतात. ती नोंद त्याच रात्री लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि सगळं एका फाईलमध्ये घालून नव्या समितीच्या ताब्यात द्या.